टोंगळे दुखतात म्हणून बसून राहू नका

आज आपण टोंगळ्यांबद्दल बोलू. पुस्तकात त्याला गुडघा म्हणतात, आपल्या अनसिंगकडे टोंगळा. नाव कोणतंही घ्या, पन्नाशीच्या पुढच्या चार बाया ओट्यावर बसल्या की उठताना एखादीचा हात टोंगळ्यावर जातोच. मग एक म्हणते, "वयच झालं आता." दुसरी म्हणते, "माझ्या टोंगळ्यातलं वंगण संपलं म्हणे." आणि तिसरी सांगते की तिच्या नणंदेला डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली आहे.

समजा, आपल्यातलीच एक बाई आहे. वय पंचावन्न. सोयाबीनच्या निंदणाला, सोंगणीला, तुरीच्या कामाला सगळीकडे जाणारी. दोन वर्षांपासून टोंगळे दुखतात. शेवटी ती वाशीमला जाऊन एक्सरे काढते. "घासले आहेत," असं कानावर पडतं. घरी येईपर्यंत तिने मनात दोन गोष्टी ठरवलेल्या असतात. एक, ऑपरेशनला पैसे नाहीत, म्हणून सोसायचं. दोन, घासलेला टोंगळा आणखी घासू नये म्हणून आता हलायचंच कमी करायचं. पाणी सून आणते. शेतात जाणं बंद होतं. बाजारात जाणंही बंद होतं. सहा महिन्यांनी बघावं तर वजन वाढलेलं, मांडी बारीक झालेली, मजुरी बुडालेली, आणि टोंगळा पहिल्यापेक्षा जास्त दुखतो.

यातली पैशाची काळजी समजण्यासारखी आहे. न हलण्याचा निर्णय मात्र तिला सगळ्यात महाग पडतो. म्हणून आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: झिजलेल्या टोंगळ्याला सक्तीची विश्रांती नको, ताकद हवी. आणि ती ताकद ऑपरेशनशिवाय, घरच्या घरी कमावता येते.

टोंगळ्यात असतं तरी काय

वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं हाड येतं, आणि समोर एक छोटी वाटी बसवलेली असते. हाडांची टोकं एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर गुळगुळीत, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात, आपण गादी म्हणू. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्यात थोडंसं चिकट पाणी असतं. तेच आपलं वंगण.

आता एक गंमत बघा. अंगातल्या बहुतेक भागांना रक्तातून अन्न मिळतं. पण या गादीत रक्ताच्या नळ्या नसतात. मग ती जगते कशावर? त्या वंगणावर. आपण पाऊल टाकलं की गादी दाबली जाते, पाऊल उचललं की ती फुगते आणि भोवतालचं पाणी आत ओढून घेते. फरशी पुसायचं फडकं पिळून पुन्हा बादलीत बुडवावं तसं. म्हणजे चालणं-हलणं हेच गादीचं जेवण. टोंगळा दिवसेंदिवस हलवलाच नाही, तर आपण त्या गादीला उपाशी ठेवतो.

गादी झिजते, तिच्याखालचं हाड जाड होतं, कडेला हाडाची टोकं वाढतात, पिशवीला सूज येते. या आजाराला संधिवातातला झिजेचा प्रकार म्हणतात, डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायांना तो पुरुषांपेक्षा जास्त होतो. वाढलेलं वजन, पूर्वी टोंगळ्याला झालेली इजा, घराण्यात असलेला त्रास आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा ओझं उचलून केलेलं काम, ही त्याची मोठी कारणं.

"वंगण संपलं" हे मात्र खरं नाही. वंगण म्हणजे गाडीत एकदा भरलेलं तेल नव्हे. शरीर ते रोज नवं तयार करतं. उलट सुजलेल्या टोंगळ्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त झालेलं असतं.

एक्सरेचंही तसंच. एक्सरेत हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही. एक्सरेत खूप झीज असूनही आरामात चालणारी माणसं असतात, आणि थोड्याच झिजेत फार दुखणारीही असतात. म्हणून नुसता फोटो पाहून आपल्या टोंगळ्याचं भविष्य ठरवू नका. तुम्ही किती चालू शकता, किती वेळ उभ्या राहू शकता, रात्री झोप लागते का, या गोष्टी फोटोइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

हे दुखणं खेड्यातलंही आहे

गुडघेदुखी म्हणजे बसून खाणाऱ्या शहरी माणसांचा आजार, असं पुष्कळांना वाटतं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. कोणाला कुठे दुखतं, किती दुखतं, त्यावर काय करतात, हे विचारायला गावातलेच स्वयंसेवक तयार केले होते. त्या पाहणीत दिसलं की हाडं, सांधे आणि स्नायूंचं दुखणं ही गावातली फार मोठी तक्रार आहे, आणि ती बायांमध्ये जास्त आहे. सांधे वाकडे करणारा जो आमवात आपण घाबरून ऐकतो, तो त्यामानाने थोड्यांना होता. झिजेचं दुखणं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना होतं.

भिगवणचं शिवार वेगळं, आपलं वेगळं. पण उकिडवं बसणं तेच, डोक्यावरचा भारा तोच, आणि "दुखतंय तर दुखू दे" म्हणत काम ओढणारी बाईही तीच. म्हणून हे दुखणं लपवण्यासारखं नाही आणि नशिबाचं म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

खरी किल्ली मांडीत आहे

सपाट रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलाला टोंगळ्यावर आपल्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पायऱ्या उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. म्हणजे साठ किलोची बाई पायरी उतरते तेव्हा टोंगळा दोनशे किलोंचा भार झेलत असतो. हा भार गादी एकटी झेलत नाही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, मागचे स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू तो वाटून घेतात. बैलगाडीचा एक बैल थकला की सगळं ओझं दुसऱ्यावर येतं, तसं मांडी कमजोर झाली की सगळा भार टोंगळ्यावर येतो.

आणि मांडी कमजोर कशी होते? न वापरल्याने. दुखतं म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून मांडी बारीक होते, मांडी बारीक म्हणून भार वाढतो, आणि भार वाढला की आणखी दुखतं. हे चक्र तोडायचं असेल तर ते मांडीपाशीच तोडावं लागतं. गेलेली गादी व्यायामाने परत उगवत नाही, हे खरं आहे. पण मांडी कोणत्याही वयात पुन्हा ताकदवान होते. सत्तरीतल्या बाईचीही होते.

हेच काम फिजिओथेरपीचं. आपल्या देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली. त्या काळी पोलिओने पाय गेलेली मुलं पुष्कळ होती. उरलेल्या स्नायूंना शिकवून माणसाला उभं करायचं, ही या विद्येची मूळ रीत आहे. टोंगळ्यासाठीही तीच लागू पडते.

पण पुष्कळ बायांना फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक आणि करंट एवढंच वाटतं. "दहा दिवस करंट घेतला, फरक पडला नाही," असं त्या सांगतात. मशीनने तात्पुरता आराम वाटेलही, पण मशीन मांडीला ताकद देत नाही. ताकद देतो तो व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर त्यांनी तुमची चाल पाहिली पाहिजे, मांडीची ताकद तपासली पाहिजे, टोंगळा किती वाकतो ते पाहिलं पाहिजे आणि तुम्हाला जमतील असे व्यायाम शिकवले पाहिजेत. नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील, तर "मला व्यायाम शिकवा" असं हक्काने म्हणा.

घरी करायचे सहा व्यायाम

खाली बसता येत नसेल तर पलंगावर किंवा दिवाणावर करा. झोळ पडलेल्या बाजेवर करू नका. श्वास रोखू नका. अंक मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. एकच टोंगळा दुखत असला तरी व्यायाम दोन्ही पायांचा करा.

पहिला व्यायाम, गुंडाळी दाबणं. भिंतीला पाठ टेकवून पाय लांब करून बसा. जुन्या लुगड्याची किंवा टॉवेलची गुंडाळी टोंगळ्याखाली ठेवा. आता टोंगळ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू टणक लागला पाहिजे. पाच अंक मोजा आणि सोडा. असं दहा वेळा.

दुसरा, टाच सरकवणं. उताणं झोपा. टाच जमिनीवरून घासत हळूहळू कुल्ल्याकडे आणा, जमेल तेवढीच. मग पाय पुन्हा सरळ करा. दहा वेळा. सकाळी टोंगळा आखडतो त्यासाठी हा चांगला आहे, उठण्याआधी अंथरुणातच करता येतो.

तिसरा, सरळ पाय उचलणं. उताणं झोपून एक पाय दुमडून ठेवा. दुसरा पाय टोंगळ्यात न वाकवता, पंजा आपल्याकडे ओढून, एक वीतभर वर उचला. पाच अंक मोजा. खाली आणताना पाय आपटू नका, सावकाश आणा. दहा वेळा. कंबर दुखत असेल तर हा व्यायाम आधी कोणाकडून तरी नीट शिकून घ्या.

चौथा, कुशीवर झोपून पाय उचलणं. एका कुशीवर झोपा. खालचा पाय थोडा वाकवा, वरचा सरळ ठेवा आणि वीतभर उचला. यात कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू काम करतो. चालताना अंग डुलतं, तोल जातो, ते या स्नायूमुळे सावरतं. दहा वेळा.

पाचवा, खुर्चीवर बसून पाय सरळ करणं. खुर्चीवर मागे टेकून बसा. एक पाय समोर सरळ करा, पाच अंक धरा, हळू खाली सोडा. दहा वेळा.

सहावा, खुर्चीवरून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. सुरुवातीला तिच्यावर गोधडीची घडी टाकून ती उंच करा. पाऊलं जमिनीवर पक्की ठेवा, थोडं पुढे झुका आणि उठा. हाताचा आधार लागला तर घ्या. बसताना धपकन बसू नका, सावकाश टेका. पाच वेळांपासून सुरू करा. जमायला लागलं की एक घडी कमी करा, मग हाताचा आधार सोडा.

पहिले दोन व्यायाम रोज करा. बाकीचे चार एक दिवसाआड केले तरी चालतील. दहाची एक फेरी सोपी वाटू लागली की दोन फेऱ्या करा, मग तीन. त्याही सोप्या झाल्या की तिसऱ्या आणि पाचव्या व्यायामात घोट्यावर अर्धा किलो रेतीची कापडी पिशवी बांधा. व्यायाम सोपाच राहिला तर ताकद वाढत नाही. स्नायूला थोडं जड वाटलं पाहिजे.

यासोबत सपाट रस्त्यावर चालणं. आज दहा मिनिटं जमत असेल तर दहाच. दर आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन मिनिटं वाढवा. अर्ध्या तासापर्यंत गेलात की उत्तम. एका दमात होत नसेल तर सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं.

किती दुखलं तर चालेल

व्यायाम करताना थोडं दुखणारच, आणि दुखलं म्हणजे टोंगळा खराब होतोय असं नाही. मग थांबायचं कधी? त्यासाठी रुपयाचा हिशोब ठेवा. सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना चार-पाच आण्यांपर्यंत दुखलं तर करत राहा. आठ आण्यांवर गेलं तर थांबा, आणि पुढच्या वेळी कमी वेळा करा. दुसरी खूण दुसऱ्या दिवशी सकाळची. सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर. टोंगळा सुजला किंवा जास्त दुखत राहिला तर मात्रा जास्त झाली. व्यायाम बंद नाही करायचा, मात्रा निम्मी करायची.

दोन-तीन आठवड्यांत उठताना थोडं हलकं वाटू लागतं. खरी ताकद यायला दीड-दोन महिने लागतात. चार दिवस करून "काही उपयोग नाही" म्हणू नका. पेरल्यावर चौथ्या दिवशी कोणी शेंगा शोधत नाही.

रोजच्या कामात काय बदलायचं

व्यायाम अर्ध्या तासाचा, काम दिवसभराचं. म्हणून कामाची रीत थोडी बदलावी लागेल.

निंदण करताना तासन् तास उकिडवं बसणं टोंगळ्याला सगळ्यात जड जातं. वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहा, पाच-दहा पावलं चाला, पाय झटका आणि मग पुढची पात धरा. शक्य असेल तिथे उभ्याने चालवायचं सायकल कोळपं वापरा. दोघी-तिघींनी मिळून काम वाटून घेता येतं. जिचे टोंगळे दुखतात तिने उभ्याची कामं घ्यावीत.

घरात चूल किंवा गॅस ओट्यावर आणता आला तर बघा. भाजी निवडायला, कपडे धुवायला, भांडी घासायला खाली बसण्याऐवजी उंच पाट किंवा स्टूल घ्या. संडासात बसता-उठता येत नसेल तर कमोडची लोखंडी खुर्ची मिळते, ती साध्या संडासावर ठेवता येते. भिंतीत धरायला एक मजबूत दांडा बसवून घेतला तरी मोठा आधार होतो. ही लाजायची गोष्ट नाही.

पाण्याचा एक मोठा गुंड डोक्यावर आणण्यापेक्षा दोन लहान भांडी दोन खेपांत आणा. पायऱ्यांचा एक नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. उजवा टोंगळा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. पुष्कळ जणी दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग म्हणतात, काठीचा उपयोग होत नाही. झिजलेली, एका बाजूला कललेली चप्पल टाकून द्या. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली घ्या.

टोंगळा आखडलेला असेल तर गरम पाण्याचा शेक घ्या. तो सुजलेला आणि गरम लागत असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा. पट्टा किंवा नी कॅप लांब चालताना लावली तर चालेल, पण चोवीस तास बांधून ठेवू नका. आधार मांडीने द्यायचा आहे.

वजनाबद्दल एकच हिशोब सांगते. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला टोंगळ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो कमी केले तर वीस किलोंचं पोतं उतरल्यासारखं होतं. त्यासाठी उपास नको. उपासाने स्नायूही वाळतात. चहातली साखर, तळण, आणि उपासाच्या नावाखाली खाल्लेली साबुदाण्याची खिचडी कमी करा. वरण, उसळ, भाजी, ताक वाढवा. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्याऐवजी स्वतःसाठीही वरणाची एक वाटी बाजूला काढून ठेवा. मांडी बनते ती त्या वरणातल्या प्रथिनांनी.

गोळ्या, पुड्या आणि मलम

दुखणं असह्य असेल तर औषध घ्यायचं, त्यात कमीपणा नाही. पण मेडिकलमधून स्वतःच मागून आणलेली दुखण्याची गोळी रोज खाणं धोक्याचं आहे. या गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं, रक्तदाब वाढतो आणि किडनी खराब होऊ शकते. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. टोंगळ्यासाठी आधी लावायचं मलम वापरून बघावं, त्याने पोटाला होणारा त्रास कमी असतो. कोणतं, ते डॉक्टरांना विचारा.

बाजारात, जत्रेत नाव नसलेल्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत टोंगळे मोकळे होतात, म्हणून बायांचा विश्वास बसतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्याने तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि औषध एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. ज्या औषधावर नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ते पोटात घालू नका. आधीपासून घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग ऑपरेशन कधी

मी ऑपरेशनच्या विरोधात बोलत नाही. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन चांगलं आहे, ते ज्याला हवं त्याने करावं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा स्वस्तही झाला. प्रश्न इतकाच की ते पहिलं दार आहे की शेवटचं.

डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गुडघा बदलायला योग्य ठरलेले शंभर रुग्ण घेतले. पन्नास जणांचं ऑपरेशन करून नंतर व्यायाम दिला. उरलेल्या पन्नास जणांना ऑपरेशनशिवाय बारा आठवडे शिकवून व्यायाम, माहिती, वजनासाठी आहाराचा सल्ला आणि गरजेपुरतं औषध दिलं. वर्षाने पाहिलं तर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं, हे खरं सांगितलं पाहिजे. त्यांच्यात गंभीर त्रासही जास्त जणांना झाला. पण दुसऱ्या पन्नास जणांपैकी वर्षभरात फक्त तेरा जणांनी ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे "आता बदलावाच लागेल" अशा टप्प्यावर आलेल्यांपैकीही बहुतेकांचं ते वर्ष ऑपरेशनशिवाय निघालं.

"दुर्बिणीने आत साफ करून घ्या," असंही कोणी सुचवतं. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि ती २००२ साली छापून आली. काहींचा गुडघा खरोखर साफ केला, काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. तेव्हा नुसत्या झिजेसाठी असं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय कर्ज काढू नका.

तीन-चार महिने व्यायाम मनापासून केला, वजनाकडे लक्ष दिलं, तरी रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालता येत नाही, पाय वाकडा होत चालला आहे, असं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना भेटा आणि ऑपरेशनचा विचार करा. बदललेला गुडघा बहुतेकांना वीस वर्षांहून जास्त टिकतो. पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. ऑपरेशननंतरही व्यायाम करावाच लागतो, आणि ज्यांची मांडी आधीपासून मजबूत असते त्यांना सावरायला सोपं जातं. शिवाय बदललेल्या गुडघ्यावर उकिडवं बसणं बहुतेक डॉक्टर टाळायला सांगतात. म्हणजे निंदणाची जुनी रीत तेव्हाही बदलावीच लागते.

कोणाकडे जायचं

सुरुवात गावातल्या सरकारी दवाखान्यातून किंवा उपकेंद्रातून करा. आशाताईंना विचारा. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जाल तेव्हा केसपेपर काढतानाच फिजिओथेरपीची चौकशी करा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. खाजगीत गेलात तर फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. रोज जायची गरज नाही. तीन-चार भेटींत व्यायाम नीट शिकून घ्या आणि महिन्याने एकदा दाखवून या.

काही लक्षणं मात्र व्यायामावर सोडायची नाहीत. टोंगळा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला. पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही. टोंगळा मध्येच अडकून बसतो. एका पायाची पोटरी सुजून दुखते. यापैकी काहीही झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा. हाताच्या बोटांचे सांधेही सुजतात आणि सकाळी तासाभराच्या वर आखडलेले राहतात, तर तो आमवात असू शकतो. त्याचं औषध वेगळं आणि ते लवकर सुरू करावं लागतं. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं. छातीत दुखणं, धाप लागणं असा त्रास असेल तर चालणं वाढवण्याआधी तपासून घ्या.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. आई किंवा सासू संध्याकाळी वीस मिनिटं सतरंजी टाकून पाय उचलत असेल तर "हे काय नवीन खूळ" म्हणू नका. तेवढा वेळ तिच्या हातातलं काम कोणीतरी घ्या. आणि बायांनो, बचत गटाची बैठक असते ना? पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं खुर्च्या भिंतीला लावा आणि उठण्या-बसण्याचा व्यायाम सगळ्या मिळून करा. एकटीने सुरू केलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो. चौघींनी धरलेला टिकतो. आज रात्री झोपण्याआधी फक्त पहिला व्यायाम करून बघा: गुंडाळी दाबायची, पाच अंक मोजायचे, दहा वेळा.